निरोप पुढे पाठवण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिल महिन्यातील गोष्ट आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर १३ तारखेच्या सायंकाळी एका माजी विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारला. त्याची मुलगी बारावी विज्ञान शाखेची परीक्षा देऊन घरी आली होती. जात पडताळणीच्या अर्जात त्रुटी निघाली होती. आजोबांच्या दाखल्यावरील आडनाव आणि वडिलांच्या दाखल्यावरील आडनाव जुळत नव्हते. ही त्रुटी कोणत्या कागदाने दूर होते, एवढेच त्याला हवे होते.

त्या रात्री बारा वाजता जयंतीच्या शुभेच्छा सुरू झाल्या. बाबासाहेबांची छायाचित्रे, निळे ध्वज, हलणारी स्टिकरे, गाण्यांच्या चित्रफिती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत समूहावर तीनशेहून अधिक संदेश जमले होते. ज्याच्या प्रश्नावर एका मुलीचे वर्ष अवलंबून होते, तो प्रश्न त्या ढिगाऱ्याखाली गाडला गेला. महसूल खात्यात आयुष्य घालवलेले आणि समाजकल्याणच्या कामाशी रोजचा संबंध असलेले निदान चार जण त्याच समूहावर होते. त्यांच्यापैकी कोणाच्याही नजरेस तो पडला नाही. त्या गृहस्थाने पुन्हा विचारले नाही. आपल्या प्रश्नाची कोणी दखल घेतली नाही, असा त्याचा समज झाला. प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र हाती नव्हते. मुलीचे ते वर्ष गेले.

पुढे दिवाळीत ही हकीकत एका निवृत्त तलाठ्यांच्या कानावर आली. तेही आपल्याच वसतिगृहाचे विद्यार्थी. ते म्हणाले, "गुरुजी, कोतवाल बुकातल्या जन्मनोंदीची नक्कल आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, एवढ्याने मार्ग निघाला असता. मला फोन केला असता तर पाच मिनिटांत सांगितले असते." मी मान खाली घातली. कारण त्या रात्री समूहावर टाकलेल्या तीनशे संदेशांपैकी तीन माझे होते.

स्मरणिकेत गौरवाचे लेख असतात आणि ते असावेतही. पण या विद्यालयाने आपल्याला वंदनेबरोबर विवेकही शिकवला आहे. म्हणून या प्रसंगी एक अवघड प्रश्न मांडण्याची मुभा घेतो. आपल्या हाती आलेल्या या यंत्राने आपण शिकतो आहोत, की शिकल्याचा केवळ भास निर्माण करतो आहोत?

प्रारंभीच स्पष्ट करतो की मी यंत्राचा विरोधक नाही. इतिहासाचा विद्यार्थी यंत्राचा विरोधक होऊच शकत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्या समाजाच्या मुक्तीचे एक साधन छापखाना होते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि अवघ्या चार वर्षांत, १८७७ साली, कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' सुरू केला. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. त्या काळातील एका प्रतिष्ठित वृत्तपत्राने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास नकार दिला होता, हे आपण सारे जाणतो. दुसऱ्यांच्या छापखान्यात आपल्याला जागा नव्हती, म्हणून आपले पत्र काढावे लागले. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक बाहेर पडला. पुढे 'जनता' आले, १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' आले. प्रत्येक लढ्याच्या शेजारी एक छापील पान उभे आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात तो छापखाना आहे. जाहिरात नाकारणारा कोणी उरला नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड एकेकाळी जिल्ह्याच्या ग्रंथालयातही मिळणे कठीण असे. आज ते खेड्यातील मुलीला फोनवर वाचता येतात. ही लहान गोष्ट नव्हे. माझ्या विद्यार्थीदशेत एक खंड हाताळण्यासाठी मी दोन एस. टी. बदलून जात असे. त्यामुळे या सोयीचे मोल मला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु छापखाना आणि आजचा फॉरवर्ड यांत एक मूलभूत भेद आहे. छापखान्यात मजकूर जाण्यापूर्वी तो कोणीतरी वाचत असे. 'बहिष्कृत भारत'चे संपादक स्वतः बाबासाहेब होते. त्या पानांवर जे छापले जाई त्याची जबाबदारी घेणारा एक माणूस होता. चूक झाली तर पुढच्या अंकात तिची दखल घ्यावी लागे, आक्षेप आला तर त्याला उत्तर द्यावे लागे. खिळे जुळवणे, कागद, टपाल, वर्गणी या प्रत्येक पायरीवर श्रम आणि पैसा लागत असे, म्हणून प्रत्येक ओळ छापण्यायोग्य आहे का याचा विचारही होत असे. फॉरवर्डला संपादक नाही, पत्ता नाही, तारीख नाही. तो कोणी लिहिला हे पाठवणाऱ्यास ठाऊक नसते आणि तो खरा आहे का, हे विचारणाऱ्याला उद्धट ठरवले जाते. आपण संपादकाशिवायचा छापखाना चालवीत आहोत.

याची सर्वांत दुःखद फळे बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या नावावर फिरणाऱ्या वाक्यांत दिसतात. मी नववीच्या वर्गात दरवर्षी एक प्रयोग करतो. बाबासाहेबांचा तीन शब्दांचा संदेश आपल्या प्रत्येक सभागृहाच्या भिंतीवर आहे. मराठीत आपण शिक्षणानंतर संघटन आणि त्यानंतर संघर्ष असा क्रम लावतो. मी मुलांना जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे झालेल्या परिषदेतील इंग्रजी भाषण काढून वाचायला सांगतो. तेथे शिक्षणानंतर चळवळीचा शब्द येतो आणि संघटनेचा शब्द शेवटी येतो. मुले चकित होतात. मग खरा तास सुरू होतो. क्रम बदलल्याने अर्थ बदलतो का? आधी माणसे एकत्र आली पाहिजेत आणि मग लढा उभा राहतो, की लढ्यातूनच माणसे एकत्र येतात? एका मुलीने म्हटले, "गुरुजी, महाडला लोक आधी पाण्यासाठी चालले, मग संघटना मोठी झाली." दुसरा म्हणाला की परिषद भरवायलाही संघटना लागतेच. तो वाद मी मिटवला नाही, कारण तो मिटण्यासारखा नाही. मूळ शोधण्यासाठी त्यांना वीस मिनिटे लागली, विचार करण्यासाठी मात्र सारा तास पुरला नाही. याला मी तंत्रज्ञानाच्या साहाय्याने शिकणे म्हणतो. तेच तीन शब्द सोनेरी अक्षरांत दोनशे लोकांना पाठवणे हे शिकणे नव्हे.

त्याच वर्गात एका विद्यार्थ्याने मला पेचात टाकले. शिक्षणाला वाघिणीचे दूध म्हणणारे जे वाक्य आपण बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली लिहितो, ते कोणत्या खंडात, कोणत्या पृष्ठावर आहे, असे त्याने विचारले. त्याच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात हीच उपमा विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावे आणि इंग्रजी भाषेच्या संदर्भात दिलेली होती. तीस वर्षे मी ते वाक्य भाषणांत वापरत आलो होतो. त्या मुलापुढे मला पृष्ठ क्रमांक ठेवता आला नाही. त्या दिवसापासून मी ते वाक्य बाबासाहेबांच्या नावावर वापरणे थांबवले. काही सहकाऱ्यांना हे रुचले नाही. श्रद्धेला धक्का लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. माझे उत्तर एवढेच होते की ज्या माणसाने आपल्या प्रत्येक प्रबंधात आधाराशिवाय विधान केले नाही, त्याच्या नावावर निराधार विधान खपवणे हाच त्याचा अनादर आहे. आपला विरोधक उद्या एक खोटे वाक्य पकडील आणि त्याच्या आधारे दहा खऱ्या वाक्यांवर शंका घेईल. ती संधी आपण त्याला का द्यावी?

येथे कालाम सुत्ताचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. हे सुत्तही समाजमाध्यमांवर अर्धवट फिरते. बुद्धाने सांगितले की फक्त आपल्या बुद्धीला पटेल तेवढेच माना, असा त्याचा सारांश केला जातो. अंगुत्तर निकायातील मूळ उपदेश याहून खोल आहे. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी दहा गोष्टी मोजून सांगितल्या, ज्यांच्या एकट्या आधारावर काहीही स्वीकारू नये. ऐकीव बोलणे, परंपरा, वदंता आणि ग्रंथातील वचन या यादीत आहेत, हे आपण आवडीने सांगतो. पण त्याच यादीत नुसता तर्क आहे, अनुमान आहे, आपल्या आधीच्या मताशी जुळते म्हणून वाटणारी पसंती आहे, बोलणाऱ्याचे प्रभावी रूप आहे आणि हे आपले गुरू आहेत म्हणून ठेवलेला विश्वासही आहे. म्हणजे आपल्याला पटले, एवढ्यावर ते खरे ठरत नाही. ती गोष्ट आचरणात आणल्यावर लोभ, द्वेष, मोह वाढतो की घटतो आणि सुज्ञ जन तिची निंदा करतात की प्रशंसा, हे पाहण्यास तथागत सांगतात. आज फोनवर जे आपल्यापर्यंत पोहोचते ते नेमके आपल्या आधीच्या मताशी जुळणारे असते. म्हणून ते पटते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती सूचना जणू या पडद्यासाठीच दिलेली आहे.

आता तर प्रश्न टाकताच निबंध लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. गतवर्षी एका विद्यार्थ्याने अशा यंत्राकडून लिहून घेतलेला लेख माझ्याकडे दिला. भाषा सफाईदार होती. त्यात 'मूकनायक' हे दैनिक असल्याचे म्हटले होते. ते पाक्षिक होते. मी रागावलो नाही. त्याला ग्रंथालयात पाठवले आणि यंत्राच्या लेखातील चुका शोधून त्यांची यादी करायला सांगितले. त्याने मन लावून ती यादी केली. यंत्राला उत्तर विचारणारा विद्यार्थी परावलंबी होतो, त्याच यंत्राचे उत्तर तपासणारा विद्यार्थी स्वावलंबी होतो. फरक यंत्रात नाही, त्याला दिलेल्या कामात आहे.

येथवर अभ्यासाचे झाले. पण आपले बहुसंख्य वाचक आज नोकरीत आहेत आणि शिकण्याचा अधिक कठीण भाग तेथे आहे. कार्यालयात नवी संगणक प्रणाली येते. दोन दिवसांचे प्रशिक्षण होते. खरे काम माणूस शिकतो ते शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला विचारून. सर्वत्र हेच घडते. परंतु आपल्या मुलांसाठी विचारणे स्वस्त नसते. एका माजी विद्यार्थिनीने मला जे सांगितले ते मी विसरू शकत नाही. ती म्हणाली, "गुरुजी, इतरांनी विचारले तर ते नवीन आहेत म्हणतात. मी विचारले तर आरक्षणातून आली म्हणतात." म्हणून ती कार्यालयात काही विचारत नसे. रात्री घरी मुले झोपल्यावर यूट्यूबवर तेच काम शिकत असे. सहा महिन्यांत ती त्या विभागात सर्वांत निष्णात झाली. आता लोक तिला विचारायला येतात.

या कथेतील यश मोठे आहे आणि त्यात फोनचा वाटा आहे, हे मान्य करायला हवे. अपमान न सोसता शिकण्याची सोय त्याने दिली. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते. पोट भरून शिकू पाहणाऱ्याला शिक्षणाने आपली वेळ जुळवून द्यावी, हा त्यामागील विचार. रात्री अकरा वाजता त्या मुलीला तिच्या वेळेवर शिकवणारा पडदा त्याच विचाराच्या जवळ जातो. परंतु त्या सकाळच्या वर्गात शेजारी बसणारा सोबतीही होता. त्या मुलीला सहा महिने सोबती नव्हता. तिच्यासारख्या शेकडो जणी एकट्याने शिकत आहेत आणि त्यांच्या फोनमध्ये आपला समूह आहे. त्यावर दोनशेहून अधिक माणसे आहेत, ज्यांना विचारताना तिला जात आठवण्याचे कारण नाही. पण तेथे विचारण्याची रीत नाही. तेथे फक्त पाठवण्याची रीत आहे.

आणि चूक दाखवण्याची तर नाहीच. कोणी एखाद्या संदेशाखाली हे खरे नाही असे लिहिले की तो चळवळीचा शत्रू ठरतो. दुसऱ्या दिवशी एक जण समूह सोडून जातो. तिसऱ्या दिवशी दोन समूह होतात. आपल्या संघटनांचा जो इतिहास मोठ्या पटावर घडला, तोच आपण लहान पडद्यावर गिरवीत आहोत.

भिक्खू संघाने या अडचणीवर एक उपाय शोधला होता. वर्षावासाच्या तीन महिन्यांनंतर आश्विन पौर्णिमेला पवारणा होते. प्रत्येक भिक्खू, अगदी ज्येष्ठ भिक्खूही, संघासमोर विनंती करतो की माझ्याकडून झालेला दोष कोणी पाहिला असेल, ऐकला असेल किंवा त्याची शंका आली असेल, तर करुणेने मला सांगावा. दोष दाखवणाऱ्याला येथे शत्रू मानलेले नाही. त्याला आमंत्रण आहे. एकत्र राहून शिकणाऱ्या माणसांना अशी रीत लागते, हे तथागतांनी ओळखले होते. आपल्या वसतिगृहात शनिवारच्या सभेत आपण लहानपणी हेच करत होतो. कोणी मेसचे ताट धुतले नाही, कोणी कंदिलाचे तेल सांडले, ते उभे राहून सांगत होतो आणि त्यानंतर त्याच्याच शेजारी जेवायला बसत होतो. ती सवय आपण फाटकाबाहेर नेली नाही.

या विद्यालयात मुलांना मोबाइल द्यावा की नाही, यावर सध्या पालकांत दोन मते आहेत. एक पक्ष संपूर्ण बंदी मागतो. दुसरा पक्ष, ज्यात काही उदार माजी विद्यार्थी आहेत, प्रत्येक मुलाला टॅब घेऊन देण्यास तयार आहे. दोन्ही पक्षांच्या हेतूविषयी मला आदर आहे. परंतु बंदी घातलेला मुलगा सुटीत घरी जाऊन तेच यंत्र कोणत्याही शिस्तीशिवाय हाताळतो. टाळेबंदीत वसतिगृहे बंद झाली, तेव्हा आपली मुले गावी एका फोनवर तीन भावंडांत शिकत होती. वडील ऊसतोडीला गेले की फोनही त्यांच्याबरोबर जाई आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी फडात वाजे. या जगातून मुलांना दूर ठेवणे शक्य नाही आणि उचितही नाही. दुसरीकडे, हाती टॅब आला म्हणून वाचनाची शिस्त येत नाही. ग्रंथालयाला पूर्णवेळ ग्रंथपाल नसताना शंभर टॅब घेणे म्हणजे विहीर नसताना शंभर घागरी घेणे होय.

म्हणून माझी सूचना मधली आहे. टॅबसाठी जमणाऱ्या निधीचा पहिला भाग ग्रंथपालाच्या वेतनासाठी ठेवावा. संगणक कक्षात आठवीपासून आठवड्याला एक तास मूळ शोधण्याचा असावा. फिरणारे एक वाक्य घ्यावे, ते कोणी, कधी, कोठे म्हटले हे शोधावे आणि सापडले नाही तर तसे वहीत लिहावे. एवढी सवय घेऊन बाहेर पडलेले मूल कोणत्याही यंत्रापुढे गुलाम होणार नाही.

आणि आपण मोठ्यांनीही काही करावे. माजी विद्यार्थ्यांनी केवळ प्रश्नांसाठी एक वेगळा समूह करावा. त्यावर शुभेच्छा नकोत, छायाचित्रे नकोत. महसूल, आरोग्य, बँक, शिक्षण, न्यायालय अशा क्षेत्रांतील माणसांनी महिन्याची पाळी वाटून घ्यावी आणि विचारलेला प्रश्न उत्तराविना राहणार नाही याची हमी द्यावी. बुद्धांचे वा बाबासाहेबांचे वचन पाठवायचे असेल तर सुत्ताचे नाव वा खंड आणि पृष्ठ द्यावे, अन्यथा पाठवू नये. आश्विन पौर्णिमेला समूहावर आपली पवारणा व्हावी. वर्षभरात मी पाठवलेले काय चुकीचे होते ते कळवा, असे प्रत्येकाने लिहावे. सुरुवात मी करीन. सम्मा वाचेची जी लक्षणे सुत्तात आहेत, ती आपल्याला तोंडपाठ आहेत. बोलणे योग्य वेळी असावे, सत्य असावे, मृदू असावे, हितकारक असावे आणि मैत्रीच्या चित्ताने केलेले असावे. ती आता बोटांनाही लागू करायची आहेत.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. निवृत्त तलाठ्यांनी स्वतः तिच्या वडिलांबरोबर जाऊन नक्कल काढली. दुसऱ्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. ती आता परिचर्या महाविद्यालयात शिकते आहे. गेल्या जयंतीला समूहावर मी एकही चित्र पाठवले नाही. १३ एप्रिलच्या सायंकाळी फक्त एवढेच लिहिले: "आज कोणाचा काही प्रश्न राहिला आहे का?" मध्यरात्रीपर्यंत सहा प्रश्न आले. त्यांतील पाचांची उत्तरे त्याच रात्री समूहातील माणसांनी दिली. सहाव्यासाठी आम्ही अजून माणूस शोधत आहोत. ही स्मरणिका वाचणाऱ्यांपैकी कोणी भूसंपादनाच्या मोबदल्याचे काम जाणत असेल, तर विद्यालयाच्या कार्यालयात निरोप ठेवावा.